घाट माहीत असलेला ड्रायव्हर

दिवाळीनंतर सलग अकरा दिवस मी रोज सकाळी दोन-अडीच तास देवघरासमोर बसत होतो. कार्तिक महिना, त्यामुळे गल्लीला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट समोरच्या आजींनी आमच्या हिला भाजीच्या गाडीपाशी गाठून सांगितलं, की पेन्शन सुरू झाल्यावर माणूस असा मार्गी लागावा, नाहीतर आमच्या घरचे पाहा. ही नुसती हो म्हणाली. मांडीवरचा लॅपटॉप रस्त्यावरून दिसत नाही, आणि घरची गोष्ट घरात ठेवायची तिची जुनी रीत आहे.

खरी गोष्ट एवढीच, की आमच्याकडे इंटरनेटची पेटी देवघराच्या वर आहे. घर बांधलं तेव्हा वायरमननं देव्हाऱ्यावरच्या माळेसाठी एक प्लग जास्तीचा काढला होता. पुढे इंटरनेटवाला पोरगा आला, त्यानं घरभर रिकामा प्लग शोधला, तो नेमका तिथंच सापडला, आणि बाळकृष्णाच्या डोक्यावर दीड हात उंचीला राउटर ठोकून तो निघून गेला. तेव्हापासून समईच्या वर चार हिरवे दिवे लुकलुकतात. त्यातला एक लाल झाला की ही मला हाक मारते. समई विझली तर स्वतः पाहते.

आणि दिवाळीपासून माझ्या लॅपटॉपनं असा नेम धरला होता, की त्या पेटीच्या दोन हातांच्या आत असेपर्यंतच जगाशी संबंध ठेवायचा. तीन हातांवर गेलं की एक दांडी. उंबरठा ओलांडला की मौन. मोबाईलला मात्र गच्चीवरच्या टाकीपाशीही तीच पेटी छान दिसायची, म्हणजे पेटीचा दोष नव्हे. आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत एक वाघ येऊन पोचला होता. त्याच्या गळ्यातला पट्टा वाटभर उपग्रहाला ठावठिकाणा कळवत होता. माझ्या लॅपटॉपला हॉलमधून देवघरात निरोप धाडता येत नव्हता.

याची सुरुवात भाऊबीजेला झाली. लॅपटॉप २०१६ सालचा, त्यावर विंडोज १०, आणि विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, संपली. विंडोज ११ ला प्रोसेसर लागतो तो साधारण २०१७ नंतरचा. म्हणजे माझं यंत्र एका वर्षानं हुकलं. दोन मार्कांनी गेलेली पोरं मी मास्तरकीत पुष्कळ पाहिली. त्यांच्याबद्दल जे वाटायचं तेच त्या यंत्राबद्दल वाटलं. पेपर कुणी काढला, पास कुणाला ठरवलं, याचा त्या पोरांशी काही संबंध नसायचा. ती बिचारी मान खाली घालून उभी राहायची.

पुण्याहून बहीण आली, बरोबर भाचा. तो या धंद्यातलाच. ओवाळणी झाली, चकलीचा तुकडा तोंडात टाकत त्यानं यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, टाकून कशाला देता? मी लिनक्स टाकून देतो."

'टाकून देणे' या एकाच क्रियापदात मरण आणि पुनर्जन्म दोन्ही मावतात, हे इतकी वर्षं व्याकरण शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानं जे टाकलं त्याचं नाव उबुंटू. दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द आहे, माणुसकी असा काहीसा त्याचा अर्थ. ही त्याला उंबटू म्हणते, आणि ते नाव पुढे घरात रुळलं. पाऊण तासात काम झालं. स्क्रीन दिसला, आवाज आला, कॅमेऱ्यात माझा चेहरा होता तसाच दिसला. माझा प्रिंटर तर लग्नघरातल्या लांबच्या नातेवाइकासारखा, कुणी न बोलावता स्वतःच ओळख सांगत पुढे आला. दहा रुपये न खर्चता यंत्र नवं झालं म्हणून बहिणीनं पोराकडे कौतुकानं पाहिलं, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं दोघं गेली. हा सगळा वेळ लॅपटॉप देवघरासमोर ठेवलेला होता, कारण चार्जरचा बोर्ड तिथंच. रोग कुणाच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर भाचा म्हणाला, "मामा, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम दिसतो." मी तेव्हा पानाच्या टपरीवर उभा होतो आणि ऐकू नीट येत नव्हतं म्हणून मोठ्यानं विचारलं, "ड्रायव्हर सापडत नाही म्हणजे?"

टपरीवाल्यानं देठं खुडता खुडता मान वर केली. "ड्रायव्हर पाह्यजे काय गुर्जी? माह्या साळ्याचा पोरगा घरीच बसून हाये. लायसन हाये त्याच्यापाशी. पन एक सांगतो, कोनालेही घ्या, घाट मायीत असलेला ड्रायव्हर घ्या. हे नवे पोट्टे सरळ रोडवर ऐंशीनं पयवतात, अन् राजूर घाटात दुसऱ्या वळनावर गाडी उभी करून घाम पुसत बसतात."

मी त्याला खरं काय ते सांगायच्या भानगडीत पडलो नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण ड्रायव्हर म्हणजे काय हे भाच्यानं इंजिनिअरिंगच्या भाषेत वीस मिनिटं सांगितलं तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि टपरीवाल्याला विषय माहीत नसताना त्यानं ते सांगून टाकलं होतं.

आमच्या जिल्ह्यात माणसाचा पत्ता विचारला तर आधी ऐकू येतं, घाटावरचा की घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही घाटावरची. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही घाटाखालची, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीची. कलेक्टर एकच, पण हवा वेगळी, पिकाची तऱ्हा वेगळी, बोलण्याचा हेलसुद्धा जरा वेगळा. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. मुंबईहून येणारा माणूस मलकापूरला उतरतो आणि मग राजूरचा घाट चढून वर येतो. त्या मधल्या वळणांवर ज्याच्या हातात चाक असतं, त्याच्याच भरवशावर हे दोन मजले एक जिल्हा म्हणून राहतात.

लॅपटॉपची रचना अशीच आहे. वर घाटावर आपले प्रोग्रॅम राहतात: पत्र लिहायचा, सिनेमा पाहायचा, बँकेचा. खाली तापलेल्या जमिनीवर चिपा राहतात. वरच्यांना खालचं बोलणं कळत नाही आणि खालच्यांना वरच्यांचा मजकूर. मधे ड्रायव्हर. तो वरून सवारी घेतो, खाली पोचवतो, खालून उत्तर घेऊन वर येतो. आणि प्रत्येक चिपेचा घाट निराळा. स्क्रीन कसाबसा दाखवण्यापुरता, आवाज कसाबसा काढण्यापुरता सरधोपट ड्रायव्हर मिळतोही, पण दुसऱ्या वळणावर तो घाम पुसतो. विंडोजवाल्या यंत्रात हा गडी कारखान्यातूनच बसवून येतो, त्यामुळे आपली-त्याची गाठ पडत नाही. नऊ वर्षं तो माझी गाडी हाकत होता आणि मी त्याला एकदाही चहा विचारला नव्हता.

तर मी देवघरासमोर बसून उपचार सुरू केले. फोनला वायर लावली की फोनचं इंटरनेट लॅपटॉपला निमूट मिळायचं, त्यामुळे फोन आणि पेटी या दोन्हींच्या आधारानं माझा अभ्यास चालला होता. भाच्यानं 'टर्मिनल' उघडायला शिकवलं. टर्मिनल म्हणजे काळी पाटी. पाटीशी माझं जुनं नातं, त्यामुळे भीती वाटली नाही. फरक इतकाच, की या पाटीवर मी लिहायचं आणि चुका पाटीनं काढायच्या.

प्रत्येक हुकमाआधी 'सुडो' लिहावं लागे. मालकाच्या अधिकारानं सांगतो आहे, असा त्याचा अर्थ. पहिले दोन दिवस मी तो शब्द 'सूड' असाच वाचत होतो आणि त्याच भावनेनं लिहीत होतो. सुडो म्हटलं की पाटी पासवर्ड मागते, आणि तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंब नाही, चांदणी नाही. वाय-फायपाठोपाठ कीबोर्डही गेला असं समजून मी एका सकाळी यंत्र चार वेळा बंद-चालू केलं. भाच्याला सांगितलं तेव्हा तो पलीकडे बराच वेळ काही बोलला नाही. हसत असावा.

एक हुकूम असा आहे, की तो दिला की यंत्र आपल्या पोटात राहणाऱ्या सगळ्यांची नावं सांगतं, शिरगणतीला मास्तर दारात आल्यासारखी. कोण कुठल्या कारखान्यातलं, कुणाला कोण ड्रायव्हर लावून दिलाय. वाय-फायची चिप होती. तिच्यापुढे ड्रायव्हरचं नावही होतं. म्हणजे भाच्याचं निदान अर्धवट. ड्रायव्हर हरवला नव्हता, घरातच होता. दोघं एका छपराखाली राहत होती, फक्त बोलणं नव्हतं. अशी घरं आपण पाहिलेली असतात.

मग दुसरा हुकूम, डीमेसेज. सुरू झाल्या क्षणापासून आपल्यावर काय काय गुदरलं ते यंत्र हजारभर ओळींत सांगतं, सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्यापर्यंत वेळ घालून. ते वाचताना मला भेंडवळ आठवलं. घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा प्रकारचं धान्य, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याचा घट, वर पुरी-पापड-कुरडई. रात्री तिथं कुणी थांबत नाही. पहाटे मांडणी करणाऱ्या घराण्यातले जाणते येऊन पाहतात: कुठला दाणा जागचा हलला, कुठलं ढेकूळ किती भिजलं. त्यावरून वर्षाचं पीकपाणी सांगतात, आणि ते ऐकायला लांबलांबचे शेतकरी उजाडायच्या आत हजर असतात. खरं किती निघतं यावर दरवर्षी वाद होतो. मला मात्र त्यातली एक गोष्ट नेहमी पटत आली: मांडणी सगळ्यांना दिसते, वाचता एखाद्यालाच येते.

डीमेसेजच्या मांडणीत मला चार ओळी लाल दिसल्या. रक्तासारख्या लाल. एसीपीआय नावाच्या कुणाचा तरी मोठा घोटाळा झाल्याचं त्या सांगत होत्या. मी घाबरून फोन केला.

"ते सोडा हो मामा. ते कितीतरी लॅपटॉपवर येतं. त्याचं काही नसतं."

"मग पाहायचं काय?"

"जे लाल नाही ते पाहा."

वर्गातही असंच होतं. बोंब मारणाऱ्याचं कधी काही दुखत नसे. वाय-फायची ओळ पांढऱ्या अक्षरांत, सभ्यपणे, सगळं ठीक चाललं आहे म्हणून सांगत होती.

मी चिपेची वीज वाचवायची सवय मोडून पाहिली. राउटरचा चॅनल बदलला. लॅपटॉप उत्तरेकडे तोंड करून ठेवला, हा उपाय कुठं लिहिलेला नव्हता, माझा मीच शोधला. हिनं एकदा फुलं वाहताना विचारलं, "अहो, देवाकडे पाठ करून बसता ते बरं दिसतं का?" तेव्हापासून देवाकडे तोंड आणि पडद्यावर उजेड, असा कोन साधून बसू लागलो. मान दुखायची.

पण त्या बैठकीत वाचन पुष्कळ झालं. लिनक्स ज्यानं सुरू केलं तो लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा होता. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं जगाला कळवलं, की मी छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहे, आणि अमुक एका जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरं काही तिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. मला हे फार आवडलं. घरात जे आहे त्याच्यापुरताच ड्रायव्हर. पुढे दुसऱ्या कुणाच्या घरी दुसरी डिस्क होती, तिचा त्यानं लिहिला. तिसऱ्याकडे जुना स्कॅनर पडून होता. आज त्या गाभ्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि निम्म्याहून अधिक नुसत्या ड्रायव्हरांच्या. आता पुष्कळ ओळी मोठ्या कंपन्यांचे पगारी लोक लिहितात हे खरं, पण आपल्या अडगळीतल्या एखाद्या वस्तूसाठी रात्र जागवणारे अजून आहेत.

त्याच्याही आधीची गोष्ट प्रिंटरची. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीनं दिलेला नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या माणसानं अशी सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना निरोप जावा, म्हणजे कुणीतरी उठून तो काढेल. नव्यातही तेच करू म्हणून त्यानं मूळ प्रोग्रॅम मागितला. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो होता. पण त्यानं कुणाला न देण्याचा शब्द लिहून दिला होता, म्हणून नाही म्हणाला. आता आपल्याकडे 'झेरॉक्स' म्हणजे प्रत. रेशनकार्डाची झेरॉक्स, सातबाराची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. ज्या नावाला आपण प्रत हा अर्थ देऊन टाकला, त्याच नावाच्या यंत्राच्या प्रोग्रॅमची एक प्रत मिळेना! स्टॉलमनच्या मनात ते बसलं, आणि १९८३ च्या सप्टेंबरात त्यानं सगळी प्रणालीच मोकळी लिहायची घोषणा केली. अडकलेल्या कागदावरून माणसं शिव्या देतात. चळवळ काढणारा एखादाच.

कंपन्या चिपेची बोली सांगत नसत तेव्हा ती चोरपावलानं शिकावी लागे. एका मोठ्या कंपनीच्या वाय-फाय चिपेसाठी वीसेक वर्षांपूर्वी काही लोकांनी अशी वाटणी केली होती: एका टोळीनं कंपनीचा ड्रायव्हर चिपेशी काय कुजबुजतो ते उकलून साध्या भाषेत लिहून काढायचं, आणि दुसऱ्या टोळीनं तो मूळ ड्रायव्हर डोळ्यांनी न पाहता, केवळ त्या टिपणावरून नवा लिहायचा. नक्कल केल्याचा आळ नको म्हणून हे सोवळं.

मराठीच्या मास्तराला इथं महानुभावांची आठवण येणारच. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आमचं मेहकर येतं, लोणार येतं. मराठीतलं आद्य गद्य त्या पंथानं लिहिलं, आणि पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवलं. भाषा मराठीच. नुसती अक्षरांची अदलाबदल. पण कित्येक शतकं बाकीच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेचा तो ठेवा वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा मठाबाहेर आपल्याला कळलं की आत काय होतं. इतिहासाचार्य म्हणून त्यांना आपण ओळखतो. माझ्या त्या दिवसांतल्या मते ते मराठीतले पहिले ड्रायव्हर-लेखक. पंथाला निदान ग्रंथ जपण्याची काळजी होती. चिपेत जपण्यासारखं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि सोवळ्याचा दुसरा प्रकार लिनक्सवाल्यांच्याच घरात. डेबियन म्हणून त्यांच्यातलं एक जुनं, कर्मठ घराणं आहे. चिपेत घालायचा जो बंद मसाला कंपनी देते, फर्मवेअर, तो आपल्या मूळ ताटात वाढायचा नाही असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. पाहुण्यानं वाय-फाय हवं तर तो बाहेरून आणावा. बाहेरून आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वाय-फाय. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी मत घेतलं, आणि २०२३ च्या जूनमधल्या बाराव्या आवृत्तीपासून तो मसाला ताटात आला. आमच्या आईनं बाहेरचा पाव स्वयंपाकघरात येऊ दिला तेव्हा घरात अशीच शांतता पसरली होती.

अकराव्या दिवशी उलगडा झाला. माझ्यासारख्याच कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं सापडलं. त्या वाय-फाय कार्डावर अँटेनाच्या तारा अडकवायला दोन खुंट्या असतात. काही लॅपटॉपांत कारखान्यानं काटकसर करून एकच तार बसवली. ड्रायव्हर बिचारा दुसऱ्या, रिकाम्या खुंटीला कान लावून बसलेला. पेटी अगदी डोक्यावर असली तर आवाज इकडून तिकडे झिरपायचा, एवढंच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वर्षभर त्यानं एका प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही. मी त्याला खिडकीशी बसवलेलं, म्हणजे माझा आवाज त्याच्या उजव्या कानावर. त्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. हे मार्चमध्ये त्याच्या आजोबांनी सांगितलं. मग मी त्याला पलीकडच्या भिंतीशी बसवलं, आणि आठ दिवसांत तो बोलू लागला. त्याच्यात काही बिघाड नव्हता. माझ्याजवळही त्याचा ड्रायव्हर होता, फक्त चुकीच्या खुंटीला.

इलाज एका ओळीचा निघाला. 'अँट सेल', बरोबरचं चिन्ह, आणि दोनचा आकडा. मी सूड लिहिलं, पासवर्ड अंधारात टाइप केला, ओळ एका फायलीत ठेवली, यंत्र बंद करून चालू केलं आणि ते दोन्ही हातांवर धरून, नैवेद्याचं ताट नेतात तसं, हळूहळू हॉलमधून ओसरीत आलो. तीन दांड्या. फाटकापाशी तीन. गल्लीत उतरलो तेव्हा दोन. समोरच्या आजी बघत होत्या.

"झालं का अनुष्ठान?" त्यांनी हिला विचारलं.

"झालं," ही म्हणाली. "फळ मिळालं."

झाकण लावलं की यंत्र झोपतं आणि पुष्कळदा हाक मारूनही उठत नाही, हे दुखणं अजून आहे. ते नंतर पाहू. त्या दिवशी मला वेगळीच उत्सुकता होती. ड्रायव्हरची जन्मपत्रिका दाखवणारा एक हुकूम आहे, त्यात लिहिणाऱ्यांची नावं येतात. तिथं चिपेच्या कारखान्यातल्या माणसांच्या जोडीला एक नाव होतं, लॅरी फिंगर. शोध घेतला. हा गृहस्थ संगणकातला नव्हेच. अमेरिकेत कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत खनिजांच्या स्फटिकांची रचना अभ्यासण्यात त्याचं आयुष्य गेलं. लोणारला ये म्हटलं असतं तर खूश झाला असता. उल्केच्या तडाख्यानं ज्यांच्या स्फटिकाची काच झाली अशी खनिजं त्या विवरात पडलेली आहेत. निवृत्तीनंतर तो वाय-फायच्या ड्रायव्हरांत शिरला आणि अखेरपर्यंत तेच करत राहिला. अँटेना निवडायचा तो आकडा ड्रायव्हरमध्ये घालायची सोयही त्याच्याच हातची, २०१६ सालची. माझं यंत्र कारखान्यातून निघालं त्याच वर्षीची.

संध्याकाळी टपरीवर गेलो.

"गुर्जी, सापडला काय ड्रायव्हर?"

"सापडला."

"घाट मायीत हाये न?"

"पुरता."

"कुठला हाये?"

"अमेरिकेतला. रिटायर माणूस, माझ्यासारखाच."

त्यानं चुना लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "पगार किती घेते?"

"घेत नव्हता."

"मंग पेत असन."

"तसं काही ऐकलं नाही. आता तर तो नाहीच. मागच्या वर्षी जूनमध्ये गेला."

चुन्याची काडी थांबली. "अन् मंग गाडी कोन चालवून रायलं?"

"तोच," मी म्हटलं.

त्यानं पान दुमडलं, लवंग टोचली, आणि साळ्याच्या पोराचं नाव पुन्हा काढलं नाही.